सावलींतील पट्टेदार होस्टा : जोपासना, पारख आणि एक इशारा

आमच्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव कांहीं वर्षांपासून अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत स्थायिक झाले आहेत. त्यांच्या घरामागें ओक वृक्षांची सावली असून तींत त्यांनीं होस्टा नांवाच्या पर्णशोभेच्या झाडाचे पांच मोठे गड्डे लाविले आहेत. गेल्या वर्षीं सभासद महाशय दोन महिने तिकडे राहून आले. वीतभराहून रुंद अशीं निळसर हिरवीं पानें, त्यांना लुगड्याच्या कांठासारखा पिवळा कांठ, एकेका गड्ड्याचा घेर बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि हें सर्व जेथें गवतही धड येत नाहीं अशा जागीं, हें पाहून त्यांचें शेतकरी मन स्वस्थ बसेना. परत आल्यावर त्यांनीं आम्हांस दोन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न असा कीं, तिकडे फुलांच्या गुच्छांत घालण्याकरितां हीं पानें विकत घेतात, तर आपल्या आमराईखालची रिकामी जागा या झाडाखालीं आणून पानांचा व्यापार करतां येईल काय ? दुसरा प्रश्न चिरंजिवांचा होता. पांच गड्ड्यांपैकीं एकाच्या पानांवर शिरांच्या कडेनें शाई फुटल्यासारखे गडद डाग दिसूं लागले आहेत. शेजारी म्हणतात, हा नवा आणि दुर्मिळ प्रकार आहे, फोडून आम्हांलाही द्या. तर तो फोडावा कीं फोडूं नये ?

दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें चार ओळींत देतां आलीं असतीं. परंतु हा विषय पाहतां पाहतां आमच्या असें ध्यानांत आलें कीं, सावलीची पारख, फोडून केलेली वाढ, आणि पानावरचा निरोगी पट्टा व रोगाचा डाग यांतील भेद या तिन्ही गोष्टी ऊस, केळी व हळद करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यासही तितक्याच उपयोगाच्या आहेत. म्हणून हा विषय थोड्या विस्तारानें मांडतों.

झाडाची ओळख

होस्टा हें बहुवर्षायु झाड आहे. त्याला खोड म्हणून वर दिसत नाहीं. जमिनींतील आंखूड गड्ड्यापासून पानांचे देंठ सरळ वर येतात. थंडी पडली म्हणजे सर्व पानें पिवळीं पडून गळून जातात आणि गड्डा जमिनींत निजून राहतो. वसंत ऋतु आला कीं टोंकदार कोंब पुन्हां वर निघतात. आपल्याकडील हळद किंवा सुरण यांची पानें वाळून गड्डा जमिनींत विसावा घेतो, त्यासारखाच हा प्रकार आहे. फरक एवढाच कीं, आपल्या हळदीला विसावा कोरड्या दिवसांत मिळतो, होस्टाला तो कडक थंडींतच मिळावा लागतो. हा फरक वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे.

या झाडाचें मूळ ठिकाण जपान, कोरिया, चीन व रशियाचा अतिपूर्वेकडील भाग हें होय. त्यांतही अधिकांत अधिक जाती जपानांतील आहेत. जपानी लोक त्याला गिबोशी म्हणतात. तिकडे पुलांच्या कठड्याच्या खांबांवर कांद्याच्या आकाराचा कळस बसविण्याची चाल आहे, त्याला गिबोशी असें नांव असून फुलाची कळी तशीच दिसते. यूरोपांत १८१२ सालीं त्याला होस्टा हें नांव ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ होस्ट यांच्या गौरवार्थ देण्यांत आलें. मध्यंतरीं फुंकिया हें नांव चाललें, आणि जर्मन भाषेंत तें अद्याप ऐकूं येतें. जपानांतील डच वखारींत वैद्य म्हणून राहिलेले सीबोल्ड यांनीं १८३० च्या सुमारास परत येतांना पुष्कळ जपानी झाडें हॉलंडांत आणिलीं, त्यांत होस्टाही होते. एका मोठ्या जातीला त्यांचेंच नांव मिळालें आहे.

शेतकऱ्यांस विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे, जपानच्या उत्तर भागांत हें झाड नुसतें शोभेचें नाहीं, तर भाजीचें आहे. मोठ्या जातीचे कोंवळे कोंब उरुई या नांवानें तेथें खातात, आणि यामागाता प्रांतांत हिंवाळ्यांत झांकलेल्या जागीं ते मुद्दाम वाढवून बाजारांत पाठवितात. माणसांना हे कोंब चालतात, परंतु कुत्र्यामांजरांना हें झाड बाधतें, हें घरीं जनावरें असणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पट्टा कोठून येतो

मोठ्या पट्टेदार जातींपैकीं दोन नामांकित आहेत. पहिली फ्रॅन्सिस विल्यम्स. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांतील एका रोपवाटिकेंत १९३६ सालीं याच नांवाच्या बाईंना सीबोल्डच्या जातीच्या रांगेंत एक रोप निराळें दिसलें. त्याच्या निळसर पानांना पिवळा कांठ होता. तें एक रोप नजरेनें टिपल्यामुळें आज जगभर पसरलेली जात मिळाली. दुसरी सागाए, ही जपानांतील त्याच नांवाच्या गांवावरून ओळखली जाते. ती सुमारें अडीच फूट उंच होते, आणि पूर्ण वाढल्यावर तिचा विस्तार पांच फुटांवर जातो. २००० सालीं अमेरिकन होस्टा उत्पादकांच्या संघानें तिला वर्षाची निवडक जात म्हणून गौरविलें.

आतां हा कांठ कसा उत्पन्न होतो तें पाहूं. झाडाच्या वाढत्या डोळ्याच्या टोंकाशीं पेशींचे थर असतात, जणूं एकावर एक घातलेल्या टोप्याच. वरच्या थरांतून पानाचा कांठ घडतो व आंतल्या थरांतून पानाचा मधला भाग घडतो. त्यांपैकीं एखाद्या थरांतील पेशींत हरितद्रव्य कमी तयार होईल असा कायमचा बदल झाला, म्हणजे त्या थरांतून निघालेला भाग पिवळा किंवा पांढरा दिसतो व बाकीचा हिरवाच राहतो. म्हणजे एकाच पानांत दोन निराळ्या स्वभावांच्या पेशी शेजारीं शेजारीं नांदत असतात. हा रोग नव्हे.

यावरून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली ही कीं, असा पट्टा बियांनीं उतरत नाहीं. कांठदार झाडाचें बीं पेरलें तर बहुधा एकरंगी रोपें मिळतात. म्हणून जात राखावयाची तर गड्डा फोडूनच वाढविली पाहिजे. नव्या जाती काढणारे लोक पानभर रेघा असलेलें झाड मादी म्हणून वापरतात, कारण हा गुण मादीकडूनच पुढें जातो.

दुसरी गोष्ट अशी कीं, पानाचा जितका भाग पांढरा तितकी कमाई कमी. हिरवा भाग हा मिळवता, पांढरा भाग हा खाता. ज्यांचा कांठ पिवळा व मध्य हिरवा त्या जाती बऱ्याच जोमदार असतात, परंतु ज्यांचा मध्य फिका व कांठ तेवढा हिरवा त्या हळू वाढतात व लवकर रुसतात. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स नांवाची एक सुंदर जात या बाबतींत अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. नवशिक्यानें आरंभ कांठदार जातीनें करावा.

तिसरी गोष्ट, थरांची ही मांडणी कधीं कधीं बिघडते, आणि गड्ड्यांतून एखादा निव्वळ हिरवा फुटवा निघतो. तो सर्वांत जोमदार असतो, कारण त्याचें सर्व पान मिळवतें असतें. त्याला तसाच ठेवला तर चारपांच वर्षांत तो पट्टेदार भावंडांना दाबून टाकतो, आणि मालक म्हणतो कीं, जातीचा रंग उडाला. रंग उडालेला नसतो, घर दुसऱ्यानें बळकाविलेलें असतें. असा फुटवा दिसतांच बाजूची माती सारून मुळांसकट वेगळा काढावा. वरून नुसता कापला तर तो पुन्हां येतो.

सावलीची पारख

हें झाड सावलींत टिकतें, परंतु काळोखांत वाढत नाहीं. हे दोन शब्द निराळे आहेत. मोठ्या जातींना पानांतून गाळून येणारा उजेड आणि सकाळचें दोनतीन तासांचें कोंवळें ऊन मानवतें. दुपारचें कडक ऊन मात्र लागूं नये. निळसर पानांवर मेणासारखा बारीक थर असतो, त्यामुळेंच निळी झांक दिसते. ऊन व उष्णता यांनीं तो वितळतो, आणि पान साधें हिरवें दिसूं लागतें. पिवळ्या जातींना थोडें अधिक ऊन लागतें, नाहीं तर त्या हिरवटतात. पांढरा भाग सर्वांत आधीं करपतो. फ्रॅन्सिस विल्यम्स या जातीचा पिवळा कांठ तर वसंतांतील उन्हानेंच तपकिरी पडतो, म्हणून तिला दाट सावलीकडची जागा द्यावी.

जागा ठरविण्यापूर्वीं एक दिवस खर्च करावा. जेथें गड्डा लावावयाचा तेथें एक खुंटी ठोकावी आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासानें ती उन्हांत आहे कीं सावलींत हें लिहून ठेवावें. झाडांना पूर्ण पालवी फुटल्यावरच हें करावें, कारण तिकडील वृक्ष हिंवाळ्यांत निष्पर्ण असतात आणि त्या वेळचा अदमास फसवा असतो. आमच्या वाचकांनींही आमराईंत किंवा नारळीच्या बागेंत आंतरपीक घेण्यापूर्वीं असेंच टिपण करावें अशी आमची शिफारस आहे. सावली हीही एक जमीनच आहे, आणि तिचीही प्रत पाहावी लागते.

सावली कोणत्या वृक्षाची यालाही महत्त्व आहे. मेपल वृक्षाचीं मुळें वरच्या थरांतच जाळ्यासारखीं पसरतात आणि पाणी व खत ओढून घेतात. ओकच्या सावलींत ही ओढाताण पुष्कळ कमी असते. त्या दृष्टीनें आमच्या सभासदांच्या चिरंजिवांची जागा चांगली आहे.

लावणी, पाणी व खत

जमीन भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खतानें भरलेली, ओल धरणारी परंतु पाणी तुंबूं न देणारी असावी. किंचित् आम्ल जमीन उत्तम. खड्डा खोल करण्यापेक्षां रुंद करावा, कारण मुळें आडवीं पसरतात. एक फूट खोली पुरे, रुंदी मात्र अडीचतीन फूट ठेवावी. निघालेल्या मातींत तिसरा हिस्सा कुजलेला पाला किंवा शेणखत मिसळावें. गड्ड्याचे डोळे जमिनीच्या पातळीसच राहतील असें लावावें. डोळे खोल गेले तर सडतात. वृक्षाचीं जाड मुळें तोडून खड्डा करूं नये. अशा जागीं मोठ्या कुंडींत लावून ती कुंडी सावलींत ठेवणें बरें.

सागाएसारख्या जातींत दोन गड्ड्यांमध्यें चारपांच फूट अंतर सोडावें. पहिल्या वर्षीं ही जागा ओकीबोकी दिसते आणि मालकाला मध्यें आणखी कांहीं खुपसण्याचा मोह होतो. तो आवरावा. या मोठ्या जातींना पूर्ण आकार येण्यास पांच ते आठ वर्षें लागतात. दर वर्षीं उपटून पाहणाऱ्याच्या बागेंत त्या कधींच मोठ्या होत नाहींत.

वाढीच्या दिवसांत आठवड्यास सुमारें एक इंच पाऊस किंवा तितकें पाणी मिळावें. पाणी सकाळीं, बुडाशीं व भरपूर द्यावें, पानांवर शिंपडूं नये. वृक्षांच्या पालवीमुळें साधा पाऊस खालीं पोंचतच नाहीं, हें सावलींतल्या बागेचें मोठें गुपित आहे. पाऊस पडून गेल्यावर बोट खुपसून ओल पाहावी, आभाळाकडे पाहून अंदाज करूं नये. वसंतांत कोंब निघतांना एकदां खत पुरतें. वरून दोनतीन इंच पाल्याचें आच्छादन घालावें, परंतु तें डोळ्यांवर लोटूं नये.

कांहीं जाती फार लवकर जाग्या होतात. कांठदार माँटाना ही त्यांपैकीं एक. तिच्या कोंवळ्या पानांना उशिरा पडलेलें हिंव मारतें. अशा रात्रीं संध्याकाळींच गोणपाट किंवा पालथी कुंडी घालून झांकावें व सकाळीं काढावें.

गड्डा फोडणें

फोडण्याचे दोन हंगाम आहेत. एक, वसंतांत कोंब नुकतेच वर आले असतां, पानें उलगडण्यापूर्वीं. दुसरा, उन्हाळा सरतांना, थंडी पडण्याच्या महिनादीड महिना आधीं. गड्डा सर्व बाजूंनीं मोकळा करून उचलावा, माती धुवावी, आणि दोन तीन डोळे व पुरेशीं मुळें प्रत्येक भागास येतील असे भाग करावे. शक्य तेथें हातानें सोडवावे, न सुटतील तेथें धारदार चाकूनें. मोठ्या जाती फोडण्याची घाई करूं नये. फोडलेला गड्डा कांहीं वर्षें आकारानें मागें पडतो.

आज बाजारांतील बहुतेक रोपें प्रयोगशाळेंत ऊतिसंवर्धनानें केलेलीं असतात. जळगांवकडे केळीचीं रोपें याच पद्धतीनें येतात, तेव्हां आमच्या वाचकांस ही गोष्ट नवी नाहीं. परंतु मूळ झाड रोगी असेल तर त्यापासून हजारों रोगी रोपेंही तितक्याच सफाईनें निघूं शकतात, हें विसरतां कामा नये.

शत्रू

पहिला शत्रू शेंबी गोगलगाय. ती रात्रीं येऊन पानांना भोंकें पाडते. जाड पानांच्या सीबोल्ड वंशांतील जातींना हा उपद्रव पुष्कळ कमी होतो, हा त्या जाती पसंत करण्याचा एक मोठा आधार आहे. रात्रीं दिवा घेऊन वेंचणें हा जुना उपाय अजूनही खात्रीचा. आयर्न फॉस्फेटचे दाणे टाकतात ते पाळीव जनावरांना इतर विषांच्या मानानें कमी धोक्याचे आहेत. आपल्याकडे २०२२ सालीं मराठवाड्यांत सोयाबीनचीं कोंवळीं रोपें गोगलगाईंनीं खाऊन टाकलीं, तेव्हां या प्राण्यास क्षुद्र समजण्याचें दिवस गेले आहेत.

दुसरा शत्रू हरीण व जमिनींतून येणारे उंदीर. हरणांस हीं पानें फार आवडतात आणि एका रात्रींत देंठ तेवढे शिल्लक राहतात. कुंपणावांचून यास उपाय नाहीं. उंदरांसाठीं गड्डा तारेच्या जाळीच्या टोपलींत लावतात.

तिसरा शत्रू पानांतील सूत्रकृमी. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत पानांच्या शिरांमधील पट्टे तपकिरी होतात. ओल्या पानांवरून हे कृमी पसरतात, आणि पानांवर पाणी शिंपडूं नये असें वर सांगितलें त्याचें हें कारण.

चौथा शत्रू आपल्या ओळखीचा आहे. उष्ण व दमट दिवसांत देंठ बुडाशीं सडतात, तेथें पांढरे धागे व मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे दिसतात. भुईमुगाच्या बुडाशीं पांढरी बुरशी येऊन झाड मरतें, ती हीच स्क्लेरोशियम नांवाची बुरशी होय. दाणे वर्षानुवर्षें मातींत टिकतात. रोगी भाग मातीसकट काढून टाकावा आणि बुडाशीं दाटलेलें आच्छादन मागें सारावें.

निरोगी पट्टा कीं रोगाचा डाग ?

आतां चिरंजिवांच्या प्रश्नाकडे वळूं. १९९६ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं होस्टावरील एका विषाणूचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याला होस्टा विषाणू एक्स म्हणतात. त्याची खूण अशी : फिकट रंगाच्या पानांवर शिरांच्या लगत गडद हिरवा रंग शाईसारखा फुटतो, तो भाग बाकीच्या पानापेक्षां पातळ, चुरगळलेला किंवा उंचसखल दिसतो. निरोगी पट्ट्याची सीमा पेशींच्या थरांप्रमाणें देंठापासून टोंकापर्यंत नीट चालते आणि प्रत्येक पानावर तीच मांडणी असते. रोगाचा डाग शिरांच्या वाटेनें भरकटतो, आणि दोन पानांवर एकसारखा नसतो. पारख करण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे.

दुर्दैव असें कीं, हे डाग कांहीं लोकांना सुंदर वाटले. रोगी झाडांना नवी जात समजून नांवें देण्यांत आलीं आणि तीं विकलीं गेलीं. ब्रेकडान्स व लेपर्ड फ्रॉग हीं त्यांपैकीं दोन नांवें. हें प्रथमच घडलें असें नाहीं. सतराव्या शतकांत हॉलंडांत ज्या रेघाळ ट्यूलिप फुलांना अतोनात किंमत आली आणि १६३७ सालीं जो बाजार कोसळला, त्या फुलांवरच्या रेघाही विषाणूच्याच होत्या. हें रोगाचें लक्षण आहे हें कळण्यास १९२८ साल उजाडलें. माणसाला दुर्मिळाचा लोभ असतो, आणि रोग त्या लोभाच्या खांद्यावर बसून गांवोगांव जातो.

हा विषाणू झाडाच्या रसांतून पसरतो. चाकू, कात्री, गवत कापण्याचें यंत्र, रसानें भरलेले हात हींच त्याचीं वाहनें. लागण झाल्यावर लक्षण दिसण्यास कित्येक महिने, कधीं वर्षेंही जातात, म्हणून दिसण्यांत निरोगी झाडही रोग वाहूं शकतें. यावर औषध नाहीं. संशय आल्यास तिकडे तपासणीच्या तयार पट्ट्या मिळतात. पानाचा तुकडा रसांत कुटून पट्टी बुडवितां कांहीं मिनिटांत निकाल मिळतो.

आम्ही कळविलें कीं, गड्डा फोडूं नका, आधीं तपासा. परंतु आमचें पत्र पोंचण्यापूर्वींच चिरंजिवांनीं तो गड्डा शेजाऱ्यांच्या आग्रहास्तव दोन जागीं फोडला होता, आणि त्याच चाकूनें, न धुतां, सागाएच्या एका निरोगी गड्ड्याची बाजूही कापली होती. तपासणींत डागाळलेला गड्डा रोगी निघाला. तो त्यांनीं मुळांसकट खणून, पिशवींत बांधून कचऱ्यांत टाकला. शेजाऱ्यांकडे जाऊन दिलेला भाग परत मागण्याची लाजही त्यांना पत्करावी लागली. आम्हांस त्यांच्या या वागण्याचें कौतुक वाटतें. चूक सगळ्यांच्या हातून होते, परंतु दुसऱ्याच्या बागेंत गेलेली चूक परत आणावयास धैर्य लागतें. सागाएच्या गड्ड्याचा निकाल अजून लागलेला नाहीं. त्याची तपासणी त्यांनीं दर हंगामांत करावी, त्याला दुसऱ्या कोणत्याही झाडाच्या चाकूनें शिवूं नये, आणि रोगी गड्ड्याच्या जागीं जुनीं मुळें पूर्ण कुजून जाईपर्यंत दुसरा होस्टा लावूं नये, असें आम्हीं त्यांस सांगितलें आहे.

नियम सोपा आहे. एका गड्ड्याचें काम संपलें कीं चाकूवरचा रस घांसून धुवावा, आणि एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणांत तो बुडवून मगच दुसऱ्यास लावावा. हात साबणानें धुवावे. नवें झाड आणलें तर तें एक हंगाम वेगळ्या जागीं ठेवून पाहावें.

हा नियम आपल्याही कामाचा आहे. भेंडीवरील पिवळ्या शिरांच्या केवड्याची नोंद मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं झाली, तो पांढऱ्या माशीनें पसरतो. उसावरील मोझॅक रोगी बेण्यांतून पुढच्या सालीं जातो. वाहन निराळें असलें तरी मूळ तत्त्व एकच आहे : बेणें रोगी असेल तर मशागत, खत व पाणी यांचा सर्व खर्च रोगाला पोसण्यांत जातो. बेणें निवडतांना शेतांत सर्वांत वेगळें दिसणारें झाड घेण्यापूर्वीं तें वेगळें कां दिसतें हें विचारावें.

आपल्याकडे येईल काय ?

याचें उत्तर सरळ नाहीं असें आहे. होस्टाला हिंवाळ्यांत कित्येक आठवडे पांच अंश सेंटिग्रेडच्या आसपास किंवा त्याखालीं थंडी मिळाली तरच वसंतांत जोमदार फूट होते. ती न मिळाल्यास कोंब दर वर्षीं लहान होत जातात आणि शेवटीं गड्डा संपतो. आपल्या देशावर व कोंकणांत ती थंडी नाहीं, महाबळेश्वरींही इतकी टिकत नाहीं. शिवाय वैशाखाचा ताप आहेच. कोणी हौशी गृहस्थ गड्डा शीतपेटींत ठेवून एखादें झाड जगवील, परंतु तो छंद झाला, पीक नव्हे. हिमालयांतील थंड टेंकड्यांची गोष्ट निराळी.

गड्डे सामानांत घालून आणण्याचा विचार तर कोणींही करूं नये. परदेशांतून झाडें आणण्यास १९१४ च्या कायद्याखालीं व २००३ च्या हुकुमाप्रमाणें आयातीचा परवाना आणि निरोगीपणाचा दाखला लागतो. हा नुसता सरकारी जाच नाहीं. पुण्यास १९५५ सालीं प्रथम नजरेस आलेलें गाजर गवत आज कोणाच्या बांधावर नाहीं ?

मग आमराईखालच्या जागेचें काय ? तेथें खुंटी ठोकून उन्हाचे तास मोजावे. दिवसाचे कांहीं तास गाळीव ऊन येत असेल व पाण्याची सोय असेल, तर हळद, सुरण व अळू हीं आपलीं सावली सोसणारीं पिकें आहेत. पानांचाच व्यापार करावयाचा तर अळूच्या पानांस वडीकरितां बारमाही गिऱ्हाईक आहे, आणि हळदीच्या पानांस कोंकणांत व गोव्यांत पातोळ्यांच्या दिवसांत मागणी असते. शोभेचीच हौस असेल तर कॅलेडियम लावावें. त्याचीं रंगीत मोठीं पानें पावसाळ्याच्या उबेंत फुटतात आणि कोरड्या दिवसांत गड्डा निजतो, म्हणून त्याचें वेळापत्रक आपल्या ऋतूंशीं जुळतें.

आमच्या सभासदांस हें उत्तर प्रथम रुचलें नाहीं. परंतु त्यांनीं खुंटी ठोकली आणि त्यांच्या आमराईच्या पूर्वेकडील कडेस सकाळीं तीन तास ऊन येतें असें आढळलें. तेथें येत्या मृगांत अळूच्या दोन ओळी लावण्याचें त्यांनीं ठरविलें आहे. दूरदेशचें सुंदर झाड पाहून आपल्या जागेचे तास मोजण्याची बुद्धि झाली, एवढा लाभ त्या प्रवासांत झाला असेल तर तो थोडा नव्हे. अन्य वाचकांनींही आपल्या सावलीचें टिपण करून त्यांतील अनुभव आम्हांस कळवावे, ते आम्ही आनंदानें प्रसिद्ध करूं.